अबोल्याची किल्ली

“केशे, जेवलीस का गं?”

सव्वीस वर्षं झाली, तरी तो आवाज केशरच्या कानातून गेला नाही. सांगलीचं वसतिगृह, दहावीची परीक्षा, वसतिगृहाच्या बाईंचा मोबाइल, आणि पलीकडून आबा. आवाज घोंगडीसारखा, खरखरीत आणि उबदार. पेपर कसा गेला, झोप लागते का, पोटात कालवाकालव होत नाही ना. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग “ठेवतो गं, मेंढरं पुढं गेली” म्हणून फोन बंद.

परीक्षेचे चोवीस दिवस तो फोन रोज आला. पहिले दोन दिवस आबाच होते. तिसऱ्या दिवसापासून नव्हते.

आबा कोळेकर मेंढरांमागं कोकणाच्या उतरणीला गेले होते. घाटाच्या पायथ्याशी ताप आला आणि दीड दिवसात माणूस गेला. सोबत थोरला मुलगा बिरुदेव, वय वर्षं वीस. आईनं सांगितलं, पोरीची दहावी मोडायची नाही, तिला कळता कामा नये. बिरूनं बापाला माती दिली, हात धुतले, आणि संध्याकाळी बापाच्याच फोनवरून, बापाच्याच आवाजात विचारलं, “केशे, जेवलीस का गं?”

शेवटचा पेपर झाल्यावर तिला घरी नेलं आणि सांगितलं, आबा काल गेले. ग्रामसेवकाच्या दप्तरात तीच तारीख चढली. मृत्यूच्या दाखल्यावर तीच. पितरपाखात आबांचा म्हाळ घातला जातो तोही त्याच चुकीच्या तिथीला, आजतागायत.

केशरला पहिल्या खोट्या फोनलाच कळलं होतं. ती कधी बोलली नाही. शेवटच्या दिवशी, ‘आबा’ अशी हाक न मारता, फक्त म्हणाली, “तुम्ही पण जेवत जा, उपाशी राहू नका.” त्या दिवशी मेंढरं पुढं न जाताच फोन बंद झाला. तिला कळलंय हे बिरूला त्या क्षणी कळलं. पण तोही कधी बोलला नाही. आई गेली, तीही बोलली नाही. कोळेकरांच्या घरात हे असं तिघांनी तीन बाजूंनी धरून ठेवलेलं एक झाकलेलं पातेलं होतं.

आता केशर एक्केचाळीस वर्षांची होती. दिल्लीत, परराष्ट्र सेवेच्या संपर्क-सुरक्षा कक्षाची प्रमुख. जगभरातल्या आपल्या वकिलातींचे संगणक, त्यांच्या तारा, त्यांची कुलपं, सगळं तिच्या पदराखाली. आणि त्या दिवशी, टळटळीत दुपारी, तिच्यासमोरच्या दोन पडद्यांवर दोन बिरुदेव बोलत होते.

*

दोन बिरुदेव कसे झाले, ते आधी सांगायला हवं.

वकिलाती आपल्या राजधानीशी बोलतात ते कुलूपबंद. हे कुलूप लोखंडाचं नसून गणिताचं असतं, इतक्या मोठ्या आकड्यांचं की साध्या संगणकानं फोडायला बसावं तर सूर्य विझून जाईल. पण बोललेलं हवेतून जातं, आणि हवेतलं कुणीही टिपून ठेवतं. जगातल्या चाणाक्ष लोकांनी तेच केलं. उघडता येत नव्हतं तरी गाठोडी बांधून ठेवली. आज ना उद्या किल्ली सापडेल म्हणून.

ती सापडली. क्वांटम संगणक नीट चालू लागला, आणि हजार वाटा एकेक करून चालण्याऐवजी त्यानं सगळ्या वाटा एकदम चालून पाहिल्या. तीस वर्षांची गाठोडी एका हिवाळ्यात सुटली. गुप्त तारा सुटल्या, पण त्याहून जास्त सुटलं ते घरगुती. राजदूतानं बायकोला केलेले फोन, कारकुनानं आईला पाठवलेले निरोप, भांडणं, हसणं, खोकणं.

नवी कुलपं लगोलग बसली. ती क्वांटम संगणकालाही दाद देईनात. पण सांडलेलं दूध भांड्यात परत येत नाही. त्या सांडलेल्या शब्दांवर कुणी कुणी यंत्रं पोसली. यंत्र तुमचा आवाज शिके, चेहरा शिके, कुठे थांबता ते शिके, कुणावर चिडता ते शिके. मग तुमच्या भावाला तुमच्या तोंडून फोन करी, आणि भाऊ तासभर बोलून समाधानानं फोन ठेवी.

केशरचे साहाय्यक विश्वंभर धोटे मूळचे वर्धेचे. त्यांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं ‘बहुरूपी’. “गावात यायचा नं मॅडम, कधी पोलीस बनून, कधी डॉक्टर बनून. फरक इतकाच, तो बिदागी घेऊन जात होता. हा माणूसच घेऊन जातो.”

बहुरूप्याला एकच गोष्ट येत नव्हती. जे कधी कुठल्या यंत्रासमोर बोललं गेलं नाही, लिहिलं गेलं नाही, ते त्याच्याकडे नव्हतं. म्हणून खात्यानं नवी रीत काढली. वकिलातीत जाणारा संपर्क-अधिकारी आणि दिल्लीतला त्याचा जोडीदार, दोघांनी मुख्यालयामागच्या लिंबाच्या अंगणात बसायचं. तिथं एकही यंत्र नाही, घड्याळसुद्धा काढून जायचं. तिथं एकमेकांच्या कानात सात गोष्टी सांगायच्या, ज्या जन्मात कुणाला सांगितल्या नाहीत. पुढे संशय आला की त्यातली एक विचारायची. एक किल्ली एकदाच. तारेवरून गेली की मेली.

अनोळखी माणसाच्या कानात कोण मनातलं सांगणार? म्हणून भरतीच जोडीनं होऊ लागली. बहिणी-बहिणी, मामा-भाचे, शाळेपासूनचे दोस्त. नवरा-बायकोच्या जोड्या घेऊन पाहिल्या, त्या टिकल्या नाहीत. धोटे म्हणत, “त्यांच्यात न बोललेलं लै राहते, पण कोणाला काय ठाऊक आहे याचाच मेळ नाही बसत.” केशरनं बिरूचं नाव दिलं. बिरू आबांच्या माघारी मेंढरं विकून फौजेत गेला होता, सिग्नल पलटणीत. सुभेदार होऊन घरी आला होता आणि अंगणात बसून कंटाळला होता.

रीत चांगली होती. पण तिनं माणसं मुकी केली. कानात सांगायला काहीतरी नवं, न सांगितलेलं उरलं पाहिजे म्हणून लोक घरी बोलायचे थांबले. केशरचा नवरा दिगंबर एकदा जेवताना म्हणाला, “आज हसत होतीस एकटीच. काय झालं?”

“राखीव आहे,” ती म्हणाली.

“हसू पण?”

त्यानं आमटी वाढून घेतली, आणि त्यानंतर विचारायचंच सोडलं. ते सोडलेलं विचारणं तिला रोज ताटात दिसे. घरात बसल्या बसल्या तिच्या मनात आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर ओळी जुळत.

बोललं ते वाऱ्यानं नेलं गं, माळामाळानं पांगलं
न बोललं ते उरी राहिलं, दगडावाणी टांगलं.

*

सारवान हा डोंगरातला छोटा देश. राजधानीत पाच दिवसांपूर्वी बंड झालं. राजदूत सुट्टीवर मायदेशी आलेले. वकिलातीतला सगळ्यांत ज्येष्ठ माणूस म्हणजे सुभेदार बिरुदेव कोळेकर, संपर्क-अधिकारी. शहरात अडकलेली आपली माणसं, इस्पितळातल्या परिचारिका, रस्ता बांधणारे मजूर, दोन मास्तर, त्यानं गोळा केली आणि लोकर धुण्याच्या एका जुन्या गोदामात नेऊन लपवली. दोनशे बावन्न जण.

वकिलातीत बोलायचे संच दोन. एक बिरूनं पाठीवर घेतला. दुसरा ज्या गाडीत होता ती गाडी बंडखोरांनी नाक्यावर धरली. संच अस्सल, कुलूप अस्सल, आणि आत बसलेला बोलणारा बहुरूपी. बंडखोरांना दोनशे बावन्न ओलीस हवे होते. तेवढे हातात आले की सगळ्या जगाला नाक घासायला लावता येतं.

आपलं विमान शेजारच्या देशात उभं होतं. ते एकाच ठिकाणी, फक्त वीस मिनिटं उतरू शकत होतं. ते ठिकाण खऱ्या बिरूला सांगायचं होतं. खोट्याला कळलं, तर विमान, वैमानिक आणि माणसं एकाच जाळ्यात.

तार दर वेळी तुटून पुन्हा जुळे, आणि पुन्हा नवी किल्ली लागे; चार दिवसांत सातही किल्ल्या संपल्या होत्या. सकाळी शेवटची गेली. आबांच्या कुत्र्याला केशरनं चोरून कुणाच्या ताटातलं मटण घातलं होतं, ती.

“मॅडम, दोन्ही संच एकाच शहरात, मैलभराच्या आत,” धोटे म्हणाले. “दोघांचा चेहरा तोच. दोघांच्या डाव्या भुवईवर तीच खूण. दोघंही मला ‘धोटेसाहेब, टेकडीवरच्या गणपतीला नारळ फोडा’ म्हणतात. मी कोणाच्या नावानं फोडू?”

दारात सचिव बरुआबाई उभ्या होत्या. पातळाचा पदर कंबरेला खोचलेला. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “केशर, विमान माणसं घेऊन पावणेचारच्या आत तिथून उडालं नाही तर आज उडणार नाही. उद्या गोदाम सापडलेलं असेल. तिथवर चालायलाच अडीच तास लागतील; ठरवायला तुमच्याकडे अकरा मिनिटं आहेत.”

“किल्ली नाही, मॅडम.”

“एकही?”

केशर म्हणाली, “एक आहे. पण ती अंगणात सांगितलेली नाही. कुणीच कुणाला सांगितलेली नाही.”

“मग ती समोरच्याला ठाऊक आहे हे कशावरून?”

“शाबितीला काही नाही. भाऊ आहे माझा, एवढंच.”

बरुआबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. “विचारा,” त्या म्हणाल्या.

विचारा म्हणणं सोपं होतं. ते झाकलेलं पातेलं केशरनं सव्वीस वर्षं सांभाळलं होतं ते भीतीनं नव्हे. दादानं रडू गिळून बावीस दिवस बाप जिवंत ठेवला होता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं असं सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर म्हणणं, तुझं सगळं वाया गेलं. आणि झाकण काढलं की तो आवाजही जाणार होता. न बोललेल्या जागेत आबा अजून थोडेसे होते.

पण गोदामात दोनशे बावन्न होते. तिनं दोन्ही तारा उघडल्या.

“दादा,” ती म्हणाली, “एक विचारते. माझ्या दहावीच्या वेळी आबांचा रोज फोन यायचा. शेवटच्या दिवशी काय म्हणाले रे ते?”

डावीकडचा बिरू लगेच बोलला. त्याचे डोळे भरून आले होते.

“केशे, तुला आत्ता ते आठवलं व्हय? मी शेजारीच हुतो की. म्हणले, पोरी, तू शिकलीस म्हंजी मी शिकलो. माझी मेंढरं रानात, पण माझं वासरू शाळंत. असं म्हणले आन् डोळं पुसलं. दुसऱ्या दिशी गेले बघ.”

धोट्यांनी चष्मा काढून पुसला. “हाच, मॅडम,” ते पुटपुटले. “हाच खरा. असं यंत्राला नाही येत बाप्पा.”

आबांनी असं म्हटलं असतं तर! जन्मभर केशरला हेच ऐकायचं होतं. तिनं कधीतरी एका मुलाखतीत आबांच्या शेवटच्या फोनबद्दल सांगितलं होतं, खोटंच, सगळ्या घराला जे खोटं राखायचं होतं तेच. दाखल्यावरची तारीख, म्हाळाची तिथी, दरवर्षी नातेवाइकांना गेलेले निरोप, सगळं एकसारखं. बहुरूप्यानं ते सगळं वाचलं होतं, आणि त्या खोट्यावर इतकी सुंदर कोवळीक चढवली होती की खऱ्यालाही लाज वाटावी.

उजवीकडचा बिरू बोलत नव्हता.

पडद्यावर त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. मागे लोकरीच्या गाठोड्यांवर टेकलेली माणसं दिसत होती. एक परिचारिका कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधत होती.

“हा तर अडला,” धोटे म्हणाले. “उत्तर नाही याच्याकडे.”

“थांबा,” केशर म्हणाली. तिनं डावीकडची तार मुकी केली.

आणखी चार सेकंद गेले. मग उजवीकडून आवाज आला, दबका.

“हे नगं इचारू, केशे.”

“विचारलंय.”

“सकाळधरनं तीन केशरींशी बोललोय मी. एक म्हणती पुलावर ये, एक म्हणती येशीपाशी ये. तिघीबी आबांच्या नावानं रडल्या. शेवटच्या फोनाचं सांगून हुंदके देऊन रडल्या.”

“मी रडत नाहीये.”

“ते दिसतंय.” त्यानं नाक ओढलं. “कवा कळलं तुला?”

तिच्या मागे धोट्यांनी श्वास आत घेतलेला तिला ऐकू आला.

“तिसऱ्या दिवशी. तुझ्या पहिल्याच फोनला,” ती म्हणाली. “अरे, आबा फोनवर कधी हळू बोललेत का? लांबच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायलाच पाहिजे, असं त्यांना वाटायचं. बाईंचा मोबाइल मी वीतभर लांब धरायचे. आणि तू सगळं केलंस, खरखर, खोकला, मेंढरं पुढं गेली, सगळं. पण मी दचकू नये म्हणून हळू बोललास. तिथंच घावलास.”

बिरू एकदम हसला. आवाज न करता, खांदे गदगदवून. गाठोड्यांवरची माणसं त्याच्याकडे पाहू लागली. एवढ्या संकटात सुभेदाराला हसू कशाचं येतंय, त्यांना कळेना.

“वाट सांग,” तो डोळे पुसत म्हणाला. “आता तू सांगशील तिथं जातो.”

*

पूर्वेला, डोंगराच्या पलीकडे, आटलेल्या तळ्याचं मिठाचं मैदान होतं. गोदामापासून अडीच तासांची पायवाट. रस्ता नव्हता, म्हणून नाकेही नव्हते. विमान तिथं उतरणार होतं. केशरनं सांगितलं, बिरूनं एकदाच ऐकलं.

“गाड्या नाहीत,” ती म्हणाली. “चालायला लागेल. निम्मी माणसं जन्मात डोंगर चढलेली नाहीत.”

“मेंढरं तरी कुठं शिकून येत्यात?” बिरू म्हणाला, आणि उठला.

मग केशरनं डावीकडची तार पुन्हा उघडली. तिथला बिरू डोळे पुसत वाट पाहत होता.

“दादा!” ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच कापत होता, कारण आता तो कापायला मोकळा होता. “तूच आहेस. आबांचं ते वाक्य तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? ऐक, दक्षिणेच्या पुलावर ये. विमान नाही, बसा येताहेत. चार वाजता. सगळ्यांना घेऊन ये.”

“येतो गं, केशे,” बहुरूपी मायेनं म्हणाला. “तू जेवून घे.”

तार बंद झाल्यावर धोटे उठले, त्यांनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी ग्लासात ओतलं आणि तिच्या हातात दिलं. “बहुरूप्याला बिदागी देऊन वाटेला लावलं म्हणा नं! आणि मी त्यालाच खरा म्हणत होतो. माझ्या हातात असतं तर…”

“तुम्ही एकटे नव्हता, धोटे. तो माझ्याशी फार गोड बोलला.”

“तेच तं. भाऊ इतकं गोड बोलते का कधी?”

उपग्रहाच्या चित्रात तासाभरातच दिसू लागलं, बंडखोरांच्या गाड्या एकामागोमाग शहर सोडून दक्षिणेकडे निघाल्या. पुलाच्या दोन्ही तोंडांना दबा धरून बसायला. पूर्वेची बाजू मोकळी झाली.

आणि त्या मोकळ्या बाजूनं, उन्हातान्हातून, बिरुदेव कोळेकर माणसांचा कळप घेऊन डोंगर चढत होता.

त्यानं फौजी रांग लावली नाही. रांग लांबते, तुटते, मागचा मागं राहतो. त्यानं वाडा केला, मेंढरांचा करतात तसा एकवट घोळका. लहान पोरं आणि दुखऱ्या पायाची माणसं मध्ये, धडधाकट मजूर कडेला, दोन मास्तर मागे हाकायला. दर चढाला तो थांबून मोजी. शेकड्यांनी नव्हे, विसाविसानं. एक विसा, दोन विसा, बोटाच्या पेरावर अंगठा सरकवत. संचावर बोलणं धोक्याचं म्हणून मोजून झालं की एवढंच पाठवी.

“बारा विसा, वर बारा.”

कक्षात पहिल्यांदा कुणाला अर्थ लागला नाही. केशर म्हणाली, “दोनशे बावन्न. सगळे आहेत.” दुसऱ्या निरोपाला सगळ्यांनीच मनात गुणाकार केला. तिसऱ्या निरोपाला दारात उभ्या बरुआबाई आसामी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “बारा विसा, वर बारा,” आणि सगळा कक्ष हसला. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत लोक मोठ्यानं हसले.

शेवटची उतरण आली तेव्हा मैदान दिसलं, पांढरंशुभ्र, चुन्यानं सारवल्यासारखं. माणसं पळायला लागली. बिरूनं दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की दोनशे बावन्न माणसं जागच्या जागी थांबली. मग तो घोळका अख्खा, एकही न सांडता, डोंगरावरून खाली उतरला. उपग्रहावरून ते वाहत्या दुधासारखं दिसलं. धोटे हात जोडून उभे राहिले.

विमान उतरलं. पायऱ्यांशी बिरू उभा राहून मोजू लागला. तीन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी निरोप आला.

“बारा विसा, वर तेरा.”

केशर दचकली. एक जास्त? बहुरूपी आता पायावरही चालू लागला की काय? तिनं तार उघडली. “दादा, तेरावा कोण?”

“गोदामाचा राखणदार,” बिरू धापा टाकत म्हणाला. “हितलाच हाय, मागनं पळत येऊन आत्ता गाठलं आमाला. त्यानंच आमाला लपिवलं. आमी गेल्यावर त्याला जित्ता ठेवत्यात व्हय? कागद काय नाय त्याच्याकडं. काय करू?”

केशरनं बरुआबाईंकडे पाहिलं. बरुआबाईंनी विचार केला, जितका विचार सचिवानं करायला हवा तितका, म्हणजे फारच थोडा. “कागद इथे करू,” त्या म्हणाल्या.

“चढव, दादा.”

तीन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी विमानाची चाकं मिठावरून सुटली. पुलावर बंडखोर कधीच न येणाऱ्या बसांची वाट बघत बसले होते. कक्षातल्या सगळ्या माणसांनी एकमेकांच्या पाठीवर धपाटे घातले. धोट्यांनी फोन काढला, आणि घरी बायकोला लावून म्हणाले, “अगं, आज काय झालं सांगू का?” मग केशरकडे पाहून चपापले. “राखीव ठेवू काय, मॅडम?”

“नका ठेवू,” केशर म्हणाली. “सगळं सांगा. माझंही सांगा.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाच्या अंगणात ती बसली होती. रात्री तिनं दिगंबरला सगळं सांगितलं होतं, आबांचं, तारेचं, बावीस दिवसांचं. आणि ती एकटीच का हसली होती, तेही. तो ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, “अजून आहे का काही?” ती म्हणाली, “पुष्कळ आहे. रोज थोडं थोडं.”

बिरू आला. दाढी वाढलेली, ओठ मिठाच्या वाऱ्यानं फुटलेले. त्यानं रीतीप्रमाणे घड्याळ दारातल्या टोपलीत टाकलं आणि तिच्या शेजारी पारावर बसला.

“दादा, चुकलं माझं,” केशर म्हणाली. “तुझं ते बावीस दिवसांचं जीव टाकणं मी एका वाक्यात वाया घालवलं.”

“वाया?”

“मला फसवायला केलंस, आणि मी फसलेच नाही. तरी तुला वाटू दिलं.”

बिरूनं पायातली चप्पल काढून पाय धुळीत टेकवले. अंगठ्यानं एक रेघ ओढली.

“केशे, आईला वाटलं तुझ्यासाठी केलं. तुला वाटलं तुझ्यासाठी केलं. पहिल्या दिशी तसंच हुतं, खोटं का बोलू? पर पुढचं माझ्यासाठी हुतं. दिसभर मेंढरांमागं एकटा, तोंडातनं शब्द न्हाई. आन् सांच्याला तुला फोन लावला की दोन मिन्टं आबा यायचे. माझ्याच गळ्यात, पर यायचे. तू पेपरचं सांगायचीस तवा मी बोलतच नव्हतो गं. मी नुसता त्यास्नी ऐकत बसायचो.”